कटऑफ थोडा वाढवला आणि मिठाच्या ऊर्जेचं चिन्हच फिरलं

कृष्णाकाठ, सांगली
एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी मिठाच्या स्फटिकाचं सिम्युलेशन स्वतःच सी मध्ये लिहितोय. ५१२ आयन, २.२५६ नॅनोमीटरची पेटी, सगळ्या बाजूंना तीच पेटी पुन्हा. अजून काही हलवलेलं नाही. आयन जागेवर बसवले आणि फक्त कुलोम ऊर्जा (चार्जांच्या ओढाताणीची) मोजली. कटऑफ, म्हणजे ज्याच्या पलीकडचे आयन मोजतच नाही ते अंतर, ०.९० नॅनोमीटरला सोडियम-क्लोराइडच्या एका जोडीमागे +८६९ किलोज्यूल प्रति मोल, ०.९५ ला −२६९६! यायला हवी −८६१. पहिला आकडा खरा असता तर आईच्या मिठाच्या बरणीचा स्फोटच झाला असता. दोन रात्री कोड चाळतोय. चूक कुठाय?

रात्रपाळी
कटऑफ वाढव की. १.१० घे.

कृष्णाकाठ
घेतला. +१४८२. आणखीच बिघडलं.

मिरजेचे मास्तर
कोड बरोबर आहे तुझा. एकदा कटऑफच्या गोळ्यातले आयन मोज. मधला सोडियम धरून ०.९० च्या आत निव्वळ चार्ज +११ भरतो. ०.९५ ला २४ क्लोराइडांचा एक थर आत येतो की झाला −१३. तू मीठ मोजतच नाहीयेस, चार्ज झालेला गोळा मोजतोयस. जोडीची ऊर्जा अंतराच्या पटीत कमी होते खरी, पण थरातले आयन अंतराच्या वर्गाने वाढतात. त्यामुळे लांबचे सोडून दिले, असं इथे चालत नाही.

हिशोब जुळतो का बघायचं तर गोळ्याच्या कडेवर तेवढाच उलटा चार्ज पसर. ०.९० साठी कुलोमचा स्थिरांक १३८.९ गुणिले ११ भागिले ०.९०, म्हणजे १६९८ वजा. आले −८२९. ०.९५ ला तसंच करून −७९५. वहीवर दहा मिनिटांचं काम. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली हीच युक्ती नीट मांडली.

प्रोजेक्टला मात्र इवाल्डची बेरजेची पद्धतच लाव, १९२१ ची. प्रत्येक आयनाभोवती उलट्या चार्जचा धूसर ढग गुंडाळायचा, मग जवळची बेरीज लवकर आटपते. ते ढग पुन्हा वजा करायचे असतात; पाण्यात विरलेल्या हळदीसारखे ते गुळगुळीत असल्याने फूरिये बेरजेत (म्हणजे लाटांच्या बेरजेत) थोडक्या पदांत बसतात. ५१२ आयनांना पीएमई (इवाल्डचीच जाळीवरची जलद आवृत्ती) कशाला? ते १९९३ चं, लाखभर अणूंसाठी.

एक मात्र: प्रत्येक आयनाची स्वतःच्याच ढगाशी असलेली ऊर्जा वजा करायला विसरू नकोस. मीही विसरलो होतो, आठवडा गेला.

कृष्णाकाठ
सर, विसरलोच होतो! आता −८६१. खात्री कशी करू?

मिरजेचे मास्तर
ढगाची रुंदी बदल, दोन्ही बेरजा पुरेशा लांबवर ने. एकूण आकडा हलता कामा नये. हलला तर बहुधा दोन्हीपैकी एखादी बेरीज अपुरी पडतेय.

कृष्णाकाठ
तीन रुंदी घेतल्या. दुसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा. आता आयन हलवतो.