मदत हवी आहे: पदपथ अडलेला असताना रस्त्यावर उतरलेल्या पादचाऱ्याचा दोष धरला जातो का?

चार महिन्यांपूर्वी कोथरूड भागात माझ्या ६७ वर्षांच्या आईला उलट दिशेने आलेल्या दुचाकीने धडक दिली. पदपथावर खोदकामाचा राडारोडा पडलेला असल्यामुळे (पुणेकरांना यात नवल वाटणार नाही) ती जेमतेम वीस पावलांपुरती रस्त्यावर उतरली होती. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि आता ती वॉकरशिवाय चालू शकत नाही.

गुन्हा नोंदवलेला आहे. दुचाकीचा क्रमांक, तिच्या चालू विम्याचा तपशील, पंचनाम्याची प्रत, रुग्णालयाची बिले आणि त्याच दिवशी काढलेली पदपथाची छायाचित्रे हाती आहेत. सीसीटीव्ही चित्रण मात्र मिळाले नाही. विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे तोंडी म्हणणे असे की, आई रस्त्यावरून चालत असल्याने तिचाही निष्काळजीपणा धरला जाईल, म्हणून अडीच लाखांत मिटवावे. ही रक्कम मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार, कोणाचाही दोष सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी मिळणारी आहे. आमचा प्रत्यक्ष खर्चच तिच्याहून अधिक झाला आहे. कलम १६६ खालील (म्हणजे चालकाचा दोष दाखवून भरपाई मागण्याच्या) दाव्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीपैकी दोनच महिने उरले आहेत.

शिवाजीनगर न्यायालयात असे दावे चालवलेल्या किंवा लढवलेल्या सदस्यांना विचारावेसे वाटते: पदपथ चालण्याजोगा नव्हता हे छायाचित्रांनी दाखवल्यास सहभागी निष्काळजीपणाचा मुद्दा टिकतो का, आणि पदपथाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेला याच दाव्यात प्रतिवादी करता येते, की त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो?