एडीएचडी आनुवंशिक आहे, तर मग रक्ततपासणीत दिसत का नाही?

चौकस_पालक:
एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता यांचा विकार) आनुवंशिकता ७४ टक्के असल्याचं सगळीकडे वाचायला मिळतं. मग जनुकीय चाचणी करून निदान का करत नाहीत? आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता ७४ टक्के धरायची का? आणि एमआरआयचा काही उपयोग?

गुणसूत्र_४६:
नाही, तसा हिशोब होत नाही. हा आकडा जुळ्यांच्या अभ्यासांतून आलाय. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. दोन्हीकडे लक्षणं कितपत जुळतात ते पाहून तो काढतात. मुलामुलांत जो फरक दिसतो त्यात जनुकांचा वाटा किती, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या मुलाचं भाकीत नाही. घरापुरतं बघायचं तर सख्खी भावंडं आणि आईवडील यांच्यात एडीएचडीचं प्रमाण इतरांच्या साधारण ५ ते ९ पट असतं.

चाचणीची अडचण अशी की दोषी असं एकच जनुक नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ३८,६९१ रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना इतरांशी केली, तेव्हा २७ जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम नगण्य. असे सगळे सर्रास आढळणारे बदल एकत्र धरले तरी जेमतेम १४ टक्के फरकाचा उलगडा होतो. डीआरडी४ या जनुकाचा फार गवगवा झाला, पण त्याचा तो 'धोक्याचा' प्रकार असलेली बहुतेक मुलं ठणठणीत असतात. त्यावर बेतलेल्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

अपवाद आहे. सोबत बौद्धिक वाढ मागे असेल, फिट्स येत असतील, जन्मजात हृदयदोष किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच चट्टे असतील तर जनुकतज्ज्ञांना दाखवाच. फ्रॅजाइल एक्स, २२क्यू११ डिलीशन, न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजारांत एडीएचडीची लक्षणं बऱ्याचदा दिसतात.

मेंदूविषयी:
एमआरआयबद्दल. २००७ च्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्यावरणाची निम्म्या भागांत जाडी कमाल होण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा निघालं. सर्वाधिक उशीर कपाळामागच्या भागात, म्हणजे जिथून आवर घालणं आणि लक्ष टिकवणं चालतं तिथेच. पण हे गटांच्या तुलनेतले फरक. दोन्ही गटांची मापं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एका मुलाचा स्कॅन बघून काही ठरवता येत नाही.

एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध मेंदूतल्या पेशींनी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही संदेशवाहक रसायनं परत ओढून घेणं अडवतं. मात्र 'औषधाने फरक पडला, म्हणजे एडीएचडीच' हा तर्क चुकीचा. एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष त्याने वाढू शकतं.

निओनेटल_वॉर्ड:
जनुकांपलीकडचं थोडं. ३२ आठवड्यांच्या आत जन्म, खूप कमी वजन, शिशाचा संपर्क, गरोदरपणात दारू किंवा व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचं औषध) यांचा संबंध बऱ्यापैकी भक्कम. आईच्या धूम्रपानाचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे: एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली की तो संबंध बराचसा विरतो, म्हणजे त्यामागेही घराण्यातली जनुकं असावीत. (गरोदरपणात सिगारेट नकोच, कारणं वेगळी आहेत.) साखरेने एडीएचडी होतो हे चाचण्यांत टिकलेलं नाही.

चौकस_पालक:
मग डॉक्टरांकडे जाण्याआधी काय करून घ्यावं?

निओनेटल_वॉर्ड:
कान आणि डोळे तपासून घ्या. मूल घोरतं का, झोपेत श्वास अडखळतो का, ते सलग काही रात्री बघा. टॉन्सिल-अॅडिनॉइड वाढून झोप मोडत असेल तर दिवसा चित्र हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. मधेच काही सेकंद शून्यात बघून हाक ऐकू न येणं हे फिटचं लक्षण असू शकतं, मोबाइलवर चित्रित करा. शिक्षकांकडून लेखी निरीक्षणं घ्या. बेलगामपणा किंवा बेध्यानपणा यांच्या नऊपैकी सहा लक्षणं सहा महिने, किमान दोन ठिकाणी आणि त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीपासून, हा निकष आहे. फक्त घरीच किंवा फक्त शाळेतच त्रास असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.