मदत हवी आहे: मागची चाकं मोठी केल्यापासून ट्रॅक्टर चढाला बसतोय

वारणाकाठ: दसऱ्याला मागचे टायर मोठे टाकले, लोखंडी वजनंही लावली. उसाच्या फडातनं भरलेली ट्रॉली आता झकास काढतो, पण साखर कारखान्याच्या चढाला पूर्वीच्या गिअरात जातच नाही. डिझेलही जास्त पितो. चाक जड झाल्यानं होतंय का? वजनं उतरवू? पहाटे दोन ट्रॉल्या घेऊन निघायचंय, लवकर सांगा.

कृष्णामाई: किती एचपी? आधीचा साईज कुठला, आत्ताचा कुठला?

आबा_माळशिरस: वजनं अजिबात उतरवू नका. उलट टायरात पाणी भरा. व्हॉल्व्ह वर करून व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे पाऊण टायर. वीस वर्षं भरतोय, चाक जागेवर फिरत नाही.

मिस्त्री_कराड: आबा, त्यांचं चाक फिरतच नाहीये. फडात झकास चालतोय म्हणालेत की.

शिवनेरी: डिझेल फिल्टर बदला. माझा असाच दम सोडायचा.

वारणाकाठ: ४५ एचपी. आधी १३.६-२८, आता १६.९-२८ (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा डिस्कचा व्यास, इंचात). फिल्टर नवा आहे.

मिस्त्री_कराड: मग दोष उंचीचा, वजनाचा नाही. नवं चाक जवळजवळ ९ टक्के उंच आहे. त्याच गिअरात त्याच आरपीएमला गाडी तेवढी जास्त पळते आणि ओढ तेवढी घटते. दोन भरल्या ट्रॉल्या धरून वीस टनांच्या घरात जाता, त्यात वजनं दोन-अडीचशे किलो. ती उतरवून चढाला काय मिळणार? जड चाक जाणवतं ते थांबलेली गाडी उचलताना. चढ लागायच्या आधीच एक गिअर खाली घ्या. डिस्क, म्हणजे टायर बसतो ती लोखंडी चकती, रुंद घेतली ना? जुन्या अरुंद डिस्कवर हा टायर नीट बसत नाही.

शिवनेरी: मिस्त्री, जड चाकाला डिझेल लागतंच. पिकअपला जाड टायर टाकले तेव्हा मी स्वतः बघितलंय.

मिस्त्री_कराड: ते गावात दर चौकात थांबत-निघत चालवताना. इथं एकसारखा चढ आहे.

 

कृष्णामाई: वारणाकाठ दादा, फोर व्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारा आहे का? पुढचे टायर बदलले?

वारणाकाठ: डिस्क रुंदच घेतली. हो, फोर व्हील. पुढचे जुनेच. चढाला फोर व्हीलचा लिव्हर टाकतो.

कृष्णामाई: डांबरीवर? मग डिझेल तिथंच जातंय! पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावतील असाच हिशोब कंपनीनं बसवलेला असतो. तुमची मागची ९ टक्के जास्त धावायला लागली, म्हणजे लिव्हर टाकला की पुढची ओढायच्या ऐवजी अडवतात. टायर घासतील, पुढच्या चाकांचा गिअर तुटेल. फडातही गरजेपुरताच टाका. पुढचे टायर कुठल्या साईजचे आहेत ते सांगा.

आबा_माळशिरस: आणि उताराला न्यूट्रल करू नका रे बाबांनो, ट्रॉलीला ब्रेक नसतो.

वारणाकाठ: उद्या लिव्हर न टाकता, एक गिअर खाली घेऊन जातो. पुढच्या टायरवरचा आकडा झिजलाय, सकाळी उजेडात बघून टाकतो.