८ फूट × ३ फूट × ४ फूट पेटी तयार होतेय, अजगर कोणता घ्यावा? (इंग्लंड)

टेम्सकाठी
नमस्कार मंडळी. मुक्काम रेडिंग. घरातल्या कोनाड्यात ८ फूट लांब, ३ फूट खोल, ४ फूट उंच पेटी करायला घेतली आहे. १८ मिमी मेलामाइनच्या फळ्या, पुढे सरकती काच. आत एकच अजगर ठेवायचा. कॉर्न स्नेक सांभाळायची सवय आहे, अजगर पहिलाच.

अपेक्षा दोनच: निदान संध्याकाळी तरी तो हलताना दिसावा, आणि एकट्याने उचलता यावा. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. यादीत सध्या बर्मीज, रॉयल (म्हणजे बॉल पायथन), कार्पेट आणि 'ड्वार्फ' रेटिक (जाळीदार अजगराचा, रेटिक्युलेटेड पायथनचा, बुटका प्रकार). दुकानदार म्हणतो, पेटी मोठी आहे तर मोठाच घ्या. पिल्लू घ्यावं की वाढलेला? आणि आपला भारतीय अजगर इथे पाळता येतो का?

खवलेकर
दुकानदाराचा हिशेब उलटा आहे. साप पूर्ण लांब पसरू शकेल एवढी पेटी किमान हवी. म्हणजे तुमच्या आठ फुटांत सात फुटांचा साप बसतो, बाराचा नाही. बर्मीज मादी सहज १२ ते १५ फुटांवर जाते आणि वजन ३० किलोच्या पुढे. पिल्लू दिसतं दीड-दोन फुटांचं, पण नीट खाल्लं तर दोन-तीन वर्षांत तुमची पेटी त्याला पुरणार नाही. शिवाय आठ फुटांपुढचा जाड अजगर हाताळताना दुसरा माणूस शेजारी हवाच. तुमची 'एकट्याने' ही अट तिथेच मोडते.

ड्वार्फ रेटिकच्या नादाला पहिल्या खेपेस लागू नका. जाम्पेआ, कालाओतोआ या इंडोनेशियन बेटांवरचे रेटिक खरोखर लहान असतात. बाजारात मिळतात ते बहुतेक त्यांचे मोठ्या रेटिकशी झालेले संकर. '५० टक्के', '७५ टक्के' हे कागदावरचं गणित झालं, पिल्लू कुठल्या आजीवर जाईल याची हमी कोणी देत नाही.

माझं मत: कार्पेट पायथन. कारण तुमच्या पेटीची खरी श्रीमंती लांबीत नाही, चार फूट उंचीत आहे, आणि ती उंची वापरणारा साप हाच. अर्धा झाडावर, अर्धा जमिनीवर. दिवे मालवायच्या सुमारास फांद्यांवरून फिरायला लागतो. प्रकार मात्र बघून घ्या. कोस्टल कार्पेट ७ ते ९ फूट, तुमच्या पेटीच्या अगदी काठावर. जंगल कार्पेट साधारण ५ ते ७ फूट, काळा-पिवळा, लहानपणी चावरा. इरियन जया, म्हणजे पापुआकडचा, ४ ते ६ फूट आणि त्या मानाने शांत. डायमंड देखणा असतो, पण त्याला बाकीच्यांपेक्षा गारवा लागतो आणि उबदार पेटीत तो फार टिकत नाही, तो नको. तुमच्यासाठी इरियन जया, नाहीतर जंगल जातीचा नर. अजगरांत मादी मोठी होते, हे लक्षात ठेवून लिंग तपासलेलाच घ्या.

एक सावधगिरी. 'जॅग्वार' नावाचा रंगप्रकार दिसायला फार सुंदर असतो. पण त्या जनुकाबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो: डोकं थरथरतं, मान पिळवटते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. रॉयलमधल्या 'स्पायडर' प्रकाराचंही तेच. स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

माळरान
कार्पेटला माझा विरोध नाही, पण रॉयलला इतक्या लवकर बाद करू नका. 'रॉयलला छोटाच डबा लागतो, मोठ्या जागेत घाबरून खाणं सोडतो' हे अर्धसत्य आहे. तो घाबरतो तो मोकळ्या फरशीला. त्याच पेटीत चार-पाच घट्ट लपणं ठेवा, म्हणजे आत गेल्यावर अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल अशी. मधली जमीन बुचाच्या सालींनी आणि वाळक्या पानांनी झाका, कमरेच्या उंचीवर दोन रुंद फळ्या लावा. मग तो चढतोसुद्धा. साडेतीन-चार फुटांचा, दीड-दोन किलोचा साप, मुलाच्या हातात देता येईल असा.

त्याचे तोटे वेगळे. हिवाळ्यात दोन-तीन महिने उपास धरला तर मालकाचा जीव टांगणीला लागतो. वजन टिकून असेल तर तो उपास निरुपद्रवी असतो. दर पंधरवड्याला किचन स्केलवर वजन घ्या आणि वहीत लिहा. आणि तो दिसेल तो रात्री दहानंतर. तुमची पहिली अट 'दिसावा' ही असेल, तर खवलेकरांशी मी सहमत.

ब्लड पायथन कोणी सुचवलाच तर: पाच फूट लांब पण मांडीएवढा जाड, जमिनीवर बसून राहणारा, दमट हवा मागणारा. तुमच्या पेटीची वरची तीन फुटं वाया जातील.

सुतारपक्षी
साप कुठलाही घ्या, आधी पेटीकडे बघू.

पहिलं वजन. तुमच्या मापाची १८ मिमी फळ्यांची पेटी सुमारे १३० किलो. पुढची ६ मिमी काच ४५ किलोच्या आसपास. तळाला १० सेंमी माती घातली तर ती २२० लिटर होते, ओलसर असताना पावणेदोनशे-दोनशे किलो. बेरीज साडेतीनशेच्या पुढे. इथल्या घरांच्या लाकडी वासे असलेल्या जमिनी चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधतात, तुमचा भार त्याच्या वर जातो. तळमजल्यावर काँक्रीट असेल तर प्रश्न नाही. वासे असतील तर पेटी भिंतीलगत आणि वाशांना आडवी ठेवा, म्हणजे भार चार-पाच वाशांवर विभागेल, आणि माती ५-६ सेंमीवर आणा. वरच्या मजल्यावर नकोच.

दुसरी काच. आठ फुटांत दोनच सरकत्या काचा ठेवल्या तर एकेक जवळपास वीस किलोची होते. नेहमीच्या प्लास्टिकच्या खाचेत ती सरकत नाही, ओढताना उचकटते. तीन काचा करा किंवा चाकांची पट्टी घ्या, आणि काच टफन्डच. मधोमध उभा खांब द्या. तो नसला तर वरची फळी वर्षभरात काही मिलिमीटर खाली झुकते आणि काच अडकते. पुढे तळाला १५ सेंमी उंचीची फळी हवी, नाहीतर सालींचा चुरा खाचेत जातो आणि तुम्ही चमच्याने उकरत बसाल.

आता सगळ्यात जास्त साप जिथून पळतात ती जागा: एकमेकींवर सरकणाऱ्या दोन काचांमधली फट. खाचेच्या दोन नाळ्यांमुळे ती ४-५ मिमी राहते. बघणाऱ्याला ती बंद वाटते. कार्पेटचं पिल्लू मात्र पेन्सिलीएवढं असतं. आधी जीभ, मग नाक, मग डोकं चपटं करून घालतं, आणि डोकं गेलं की मागचं सगळं जातं. काचेच्या उभ्या कडेला ब्रशची पट्टी चिकटवा आणि कुलूपही लावा, कारण मोठा साप नाकाने काच ढकलून सरकवतो.

आतले सगळे सांधे ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने बंद करा आणि आठवडाभर वास जाऊ द्या. मेलामाइनची कापलेली कड उघडी राहिली की पाणी पिऊन फुगते. हवेची जाळी थंड बाजूला खाली, गरम बाजूला वर. सकाळी काचेवर पाणी ओघळत असेल तर जाळी कमी पडते आहे.

खवलेकर
उष्णतेचं मी सांगतो, कारण पेटी चांगली असूनही लोक इथे चुकतात.

एकच स्पॉट बल्ब लावू नका. सहा फुटांचा कार्पेट वेटोळं घालून बसला की ३५-४० सेंमीची थाळी होते. एका बल्बचा प्रकाशगोल त्यापेक्षा लहान पडतो. मग होतं काय, पाठीचा हातभर भाग भाजतो आणि बाकी अंग गारच राहतं. साप ऊब पुरत नाही म्हणून तिथेच बसून राहतो आणि खवले करपतात. म्हणून ८० वॅटचे दोन डीप हीट प्रोजेक्टर (बल्बसारखेच, पण उजेड न पाडता ऊब देणारे दिवे) शेजारी-शेजारी, खाली ६० × ४० सेंमीची पक्की फळी, मधलं अंतर ३५-४० सेंमी. दोन्ही जाळीच्या आवरणात. आवरण नसेल तर साप दिव्यालाच विळखा घालतो.

दिवा असेल तर डिमिंग थर्मोस्टॅट (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), सिरॅमिक हीटर किंवा रेडिएंट पॅनल असेल तर पल्स (थोड्या-थोड्या वेळाने चालू-बंद करणारा). फळीच्या पृष्ठभागावर ३२ ते ३४ अंश, थंड बाजूला २४ ते २६, रात्री २१-२२ पर्यंत उतरलं तरी चालतं. थर्मोस्टॅटची तार फळीच्या बाजूला क्लिपने घट्ट बसवा. साप तिच्यावर बसला की दिव्याचा ताप तारेपर्यंत पोचत नाही, थर्मोस्टॅटला गार वाटतं आणि तो दिवा आणखी वाढवतो. तार निसटून जमिनीवर पडली तरी तेच. म्हणून दुसरा स्वस्त थर्मोस्टॅट ३७ वर बंद होईल असा मालिकेत टाका. सरासरी १२० वॅट धरले तर दिवसाला साधारण तीन युनिट वीज, आपल्या दराने गुणून बघा.

फांद्या सापाच्या अंगाएवढ्या किंवा थोड्या जाड, भिंतीच्या पलीकडून बोल्टने आवळलेल्या. नुसत्या टेकवून ठेवलेल्या फांदीवर तीन किलोचा साप चढला की ती काचेवर येते. काचेजवळ, तुमच्या तोंडाच्या उंचीला फांदी लावू नका. कार्पेट भुकेला असला की दार उघडताच झेप घेतो, आणि ती झेप मग चेहऱ्यावर येते.

टेम्सकाठी
फार उपयोगी. इरियन जया नक्की करतो. पण पिल्लू की मोठा, आणि खाणं किती? माझ्या भारतीय अजगराच्या प्रश्नावरही कोणीतरी लिहा.

माळरान
एक-दीड वर्षाचा, अडीच-तीन फुटांचा घ्या. खाण्याचा हट्ट सुटलेला असतो, स्वभाव कळतो, आणि काचेच्या फटीत मावत नाही. पिल्लूच घेतलं तर पहिलं वर्ष लहान पेटीत. मोठ्या पेटीत ते मरत नाही, पण तुम्हाला सापडत नाही: खाल्लं का, कात नीट टाकली का, काहीच कळत नाही.

घेताना विक्रेत्यासमोर खाताना बघा, किंवा तारखांसह नोंद मागा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत काळे ठिपके म्हणजे माइट, रक्त पिणारे बारीक किडे. पाण्याच्या भांड्यात तळाला मिरपुडीसारखं दिसलं तरी तेच. तोंड उघडं ठेवून श्वास, घुरघुर, बुडबुडे दिसले तर परत फिरा. तोंडातल्या स्वॅबवरून सर्पेंटोव्हायरसची (अजगरांच्या श्वसनमार्गाला होणारा विषाणू) पीसीआर चाचणी करून घेता येते, ती करावी.

खाणं: लहान असताना दर दहा दिवसांनी, वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. वाढल्यावर तीन ते चार आठवड्यांनी एक मध्यम उंदीर (रॅट, माउस नव्हे) पुरतो. पाळलेले कार्पेट उपाशी नाही, लठ्ठ होऊन मरतात. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये, मग पिशवीत बंद करून कोमट पाण्यात वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. चिमटा ४५ सेंमीचा. एरवी दार उघडलं की आधी हुकने अंगाला हलका स्पर्श करा, म्हणजे 'आज जेवण नाही' हे त्याला कळतं. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, उलटी करतो. मुलाने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, साल्मोनेलासाठी.

कृष्णाकाठ
कायद्याचं. ब्रिटनमध्ये अजगर १९७६ च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स कायद्याच्या यादीत नाहीत, त्यामुळे कार्पेटला परवाना लागत नाही. २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर कायद्याने नीट सांभाळण्याची जबाबदारी मात्र तुमची. कार्पेट आणि रॉयल साइट्सच्या (CITES, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतात, विकत घेतल्याची पावती जपून ठेवा.

भारतीय अजगर, पायथन मोलुरस मोलुरस, परिशिष्ट १ मध्ये आहे. तिथल्या तिथे जन्मलेला असला तरी खरेदी-विक्रीला वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नावाने बरेचदा बर्मीजच गळ्यात मारतात. डोळ्याखालचा खवला बघा: भारतीय अजगरात ओठाच्या खवल्यांना डोळ्याची कड टेकते, बर्मीजमध्ये मधे बारीक खवल्यांची ओळ असते.

पुण्या-कोल्हापूरहून वाचणाऱ्यांसाठी: भारतात हा साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. शेतात सापडलेला चार दिवस पेटीत ठेवणं हासुद्धा गुन्हा, वनविभागाला कळवायचं. रॉयलसारख्या परदेशी सापांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

सुतारपक्षी
टेम्सकाठी, साप आणायच्या आधी पेटी दोन आठवडे रिकामी चालवा. फळीवर, थंड कोपऱ्यात आणि मधे असे तीन थर्मामीटर, किमान-कमाल नोंदणारे. बाहेर गोठलेली रात्र आली की थंड कोपरा किती उतरतो ते बघा. १९ च्या खाली गेला तर मागच्या फळीला बाहेरून २५ मिमी इन्सुलेशन बोर्ड लावा, हीटर वाढवू नका.