मोरी शार्क नाही म्हणे! मग काय आहे?

खाजणातली

परवा इथे ‘माझे आवडते पाच शार्क’ हा धागा आला. पांढरा_वाघ यांनी ग्रेट व्हाइट, टायगर, माको, बुल आणि मेगॅलोडॉन अशी यादी दिली. आवड ज्याची त्याला, यादीबद्दल माझी तक्रार नाही. पण खाली कुणीतरी मोरीचं नाव काढलं, तेव्हा यांनी लिहिलं, “मोरी हा बाजारातला मासा आहे, शार्क नव्हे. आणि व्हेल शार्क म्हणजे पाण्यातली म्हैस, तिला कशाला मोजायचं?” दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी रायगडातल्या खाडीकाठची. आजी मासे विकायची. तिच्या टोपलीत हातभर लांबीच्या राखाडी मोऱ्या असायच्या, नाक फावड्यासारखं चपटं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर कानशीसारखी खर लागते. ती खर म्हणजे कातडीवरचे बारीक बारीक दातच असतात, ग्रेट व्हाइटच्या अंगावर असतात तसेच. एकदा आजीने एका मोरीचं पोट चिरलं. आत बोटाएवढी अकरा पिल्लं, आणि प्रत्येकाला नाळ! मी सात-आठ वर्षांची असेन. आजी हातातली सुरी खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसली होती.

पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं, की या मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, सगळ्या शार्कमध्ये लहान. त्यात बलक जवळजवळ नसतोच. पिल्लाचं सगळं पोषण आईच्या रक्तातून, नाळेतून होतं. तुमच्या ग्रेट व्हाइटची पिल्लं पोटात असताना आईची न फळलेली अंडी खाऊन वाढतात. आता सांगा, दोघींत जास्त नवलाची कोण?

माझा आवडता शार्क मोरी. दुसरा नंबर कानमुशीचा, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचा. आणि व्हेल शार्कला म्हैस म्हणणाऱ्याने ती एकदा डोळ्यांनी बघावी.

पांढरा_वाघ

माझं अर्धंच वाक्य उचललंत. मोरी शास्त्राच्या पुस्तकात शार्क असेल, मी मनात काय भरतं त्याबद्दल बोलत होतो.

२०१५ साली दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईला पिंजऱ्यात उतरलो होतो. पाणी हिरवट, थंडीने दात वाजत होते. साडेचार मीटरची मादी माझ्यापासून दीड हातावरून गेली. तिचा डोळा फोटोत काळा दिसतो तसा नाही, गडद निळा आहे, आणि तो डोळा माझ्यावर फिरला. दहा वर्षं झाली, अजून झोपेत दिसतो. बाजारातल्या पाटीत पडलेल्या माशाने कुणाला असं कधी झालंय?

आणि पराक्रम म्हणाल तर निकोल नावाची ग्रेट व्हाइट मादी दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला गेली आणि परत आली. नऊ महिन्यांत वीस हजार किलोमीटरच्या वर. मोरी रायगडातून कुठवर जाते?

खाजणातली

मला झालंय. वर लिहिलंय.

थंडगार

तुम्ही दोघंही तरुण शार्कवर भांडताय. माझं मत ग्रीनलंड शार्कला. २०१६ साली त्याच्या डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून वय मोजल्याचा अभ्यास आला. सगळ्यात मोठ्या मादीचं वय अंदाजे ३९२ वर्षं निघालं, मागेपुढे १२० वर्षं धरून. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागे जन्मलेली मादी आपल्या काळात पोहत होती. वयात यायलाच यांना दीडशे वर्षं लागतात म्हणतात. बऱ्याच जणांच्या डोळ्याला एक किडा चिकटलेला असतो, नीट दिसतही नसावं म्हणतात, तरी चाललंय संथपणे. मला तो संथपणा आवडतो. माझे आजोबा शेवटची दहा वर्षं असेच होते, अंगणात काठी टेकत, अर्धे आंधळे, आणि सगळं ठाऊक असलेले.

वैतरणाकाठ

कौतुकाचे सोहळे चाललेत ते वाचतोय. यादीत चौथ्या नंबरावर बुल शार्क आहे ना? २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत त्यानेच एका तरुण मुलाचा पाय तोडला. समुद्र कुठल्या कुठे राहिला, ही खाडी आहे! आमची पोरं तिथे पोहायला शिकली, मीही शिकलो. त्यानंतर माझी काकी भरती असेल तर कपडे धुवायलासुद्धा उतरत नाही. ‘आवडता शार्क’ हा शब्द वाचून अंगावर काटा येतो. ज्यांना आवडतो त्यांनी आमच्याकडे येऊन खाडीत कंबरभर पाण्यात उभं राहून दाखवावं.

मेलबर्नकर

त्या मुलाबद्दल वाईट वाटतंच, त्याला इथे कुणी हसत नाहीये. पण बुल शार्क खाडीत शिरला यात त्याचा कट नाही. तो गोड्या पाण्यात राहू शकतो, हेच त्याचं वेगळेपण. शरीरातल्या मिठाचा हिशेब मूत्रपिंडं बदलतात, बाकीचे बहुतेक शार्क नदीत मरतील. निकाराग्वाच्या सरोवरात तो आहे, ॲमेझॉनमध्ये पार पेरूच्या इकितोसपर्यंत सापडलाय. इथे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ कारब्रूकला गोल्फच्या मैदानातल्या तळ्यात नव्वदच्या दशकातल्या पुरात बुल शार्क शिरले आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिले. लोक काठावर गोल्फ खेळायचे. माझं मत बुललाच.

आकड्यांचं म्हणाल तर २०२३ साली डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना जगभरात ६९ नोंदल्या गेल्या.

वैतरणाकाठ

६९ हा आकडा त्या पोराच्या आईला वाचून दाखवा.

मेलबर्नकर

तुमचा राग समजतो. आकडा तिथे लिहायला नको होता.

जाता जाता, ‘मोरी बाजारातला मासा’ म्हणणाऱ्यांसाठी. मेलबर्नमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानात ‘फ्लेक’ म्हणून मिळतो तो शार्कच असतो, बहुतेक वेळा गमी शार्क. इथली पोरं शुक्रवारी संध्याकाळी कागदात गुंडाळलेला शार्क खात मोठी होतात.

शिशुवैद्य

खाण्यावर आलंच आहे तर एक सांगतो. माझ्याकडे महिन्याला एखादी तरी बाळंतीण येते जिला सासूने रोज मोरीचा रस्सा चालू केलेला असतो, दूध यावं म्हणून. शार्कमध्ये पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांना जे मासे खाऊ नका म्हणून सांगितलंय, त्यात शार्क आहे. दूध वाढतं ते बाळाला वरचेवर पाजल्याने. मोरीने वाढत नाही.

कुडाळी

डॉक्टर, आमी काय खावचां तां आता अमेरिकेन सांगाचां? माझ्या तीनय बाळंतपणात आयेन माका मोरी दिल्यान. आल्या-लसणीचा वाटण, मिरी, तिरफळां, खोबरा अगदी थोडा. तीनय पोरां धडधाकट आसत, थोरलो बोटीवर इंजिनियर आसा. माझ्या आयेक तिच्या आयेन दिल्यान. पारो खंय होतो तेवा?

आणि मोरी साफ करूची कशी ता तरी म्हायत आसा काय कोणाक हय? कढत पाणी ओतून वरची खर घासून काढूक व्हयी, नायतर सगळी रेव तोंडात. ताजी नसली तर वास येता तो येगळोच.

थंडगार

तो वास अमोनियाचा. शार्कच्या रक्तात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. ग्रीनलंड शार्कचं ताजं मांस तर विषारीच. आइसलंडमध्ये ते आधी कित्येक आठवडे आंबवतात, मग महिनोन्‌महिने टांगून सुकवतात, तेव्हा खाण्याजोगं होतं.

शिशुवैद्य

कुडाळीताई, तुमच्या आईचा अपमान करायचा हेतू नव्हता. माझी आजी वेंगुर्ल्याची, तिनेही माझ्या आईला मोरीच दिली होती. पण मी वर्षानुवर्षं एवढी एवढी बाळं तपासतो, मला बोलावंच लागतं. एवढं मान्य करतो, की शार्क जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. तुमची हातभर मोरी फार जगत नाही, तिच्यात मोठ्या मुशीपेक्षा कमीच असणार. तरीही रोज नको. पंधरा दिवसांतून एकदा खाल्ली तर मी भांडणार नाही.

कुडाळी

पंधरा दिवसांत एकदा. बरा. लिवन ठेवतंय. सुनेक सांगतंय, पण आये आयकाक व्हयी ना.

निसर्गवेध

रस्सा आणि पारा बाजूला ठेवा. खरा मुद्दा हा आहे, की शार्क अजिबात खाऊ नये. बाजारात ‘मोरी’ म्हणून जी पाटी येते तिच्यात कानमुशीची पिल्लंही असतात. डोक्यावरून कळतात, हातोड्यासारखं छोटं आडवं डोकं. ती कानमुशी जगभरात नष्ट होण्याच्या काठावर आहे. २०१३ साली तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियमांखाली आणायचं ठरलं, २०१५ साली भारताने शार्कच्या परांची निर्यात बंद केली. आणि आपण पिल्लांचा रस्सा करतो. ज्यांना ‘माझा आवडता शार्क’ म्हणायचंय त्यांनी आधी ताटातून तो काढावा. खाजणातली, हे तुम्हालाही आहे.

बाणकोटी

झालं! आता सगळा दोष कोळणीच्या टोपलीचा. उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक कधी पहाटे तीनला बोटीवर आलेत का?

माझे वडील डोलजाळं लावायचे, मी गिलनेट जाळ्याच्या बोटीवर जातो. पिल्लं कोण ओरबाडतं ते बघायचं असेल तर रात्री किनाऱ्यावर उभे राहा. एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्या बोटी दिसतील, समुद्रात दिवाळी असल्यासारखा उजेड. २०१७ साली केंद्राने त्यावर बंदी घातली, तरी दिवे दिसतात. त्याखाली आलेलं सगळं जातं, मोठं-लहान काही बघत नाहीत. ट्रॉलरच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोक, इतका बारीक, की बोटाएवढी कोळंबी सुटत नाही, तर कानमुशीचं पिल्लू कसं सुटेल? त्यावर दोन ओळी लिहा की कुणीतरी.

आणि व्हेल शार्क. दोन वर्षांपूर्वी आमच्या जाळ्यात आली, होडीपेक्षा लांब. अंगावर पांढरे ठिपके, पाटाभोवती रांगोळीचे ठिपके काढतात तसे. तोंड उघडं, पण दाताची भीती नाही. शेपटी मात्र एकदा फिरली तर फळी फुटेल. आम्ही चौघांनी पाऊण तास जाळं कापलं. सुटल्यावर ती लगेच गेली नाही, थोडा वेळ शेजारीच तरंगली. माझा भाऊ हात जोडून उभा होता. भरपाईची योजना २०१८पासून आहे, कमाल पंचवीस हजार. तेवढ्यात माझं जाळं येत नाही. तरी कापलं. तिला म्हैस म्हणणाऱ्याने माझ्या भावाशी बोलावं.

निसर्गवेध

तुमच्या भावाला माझा नमस्कार. एलईडीबद्दल तुमचं खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण पाटीतल्या पिल्लाबद्दलचं माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. विकत घेणारे आहेत म्हणूनच ते पिल्लू किनाऱ्यापर्यंत येतं.

बाणकोटी

मेलेलं जाळ्यात येतं. मेलेलं परत टाकून काय होणार? पोट आहे आमचंही.

निसर्गवेध

जिवंत आलं तर सोडा, एवढं तरी म्हणू शकतो ना?

बाणकोटी

जिवंत असलं तर सोडतोच. सगळे नाही सोडत, हे मान्य.

खाजणातली

निसर्गवेध, तुमचं मला बोचलं. मी मोरी खाते. आजी गेल्यावर वर्षभर खाल्ली नाही, मग आईने केली आणि खाल्ली. चपट्या नाकाची मोरी लवकर वयात येते, वर्षभर पिल्लं देते. कानमुशीला वयात यायला कितीतरी वर्षं जातात. दोघींना एका पाटीत टाकून एकच नियम लावणं मला पटत नाही. कानमुशी मी घेणार नाही, आजपासून. मोरी सोडेन असं खोटं लिहिणार नाही.

गुजरातेत वेरावळला नव्वदच्या दशकात व्हेल शार्क मारून यकृताचं तेल होड्यांना लावायचे. २००१ साली तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, देशात ते मिळालेला पहिला मासा तीच. पण कोळ्यांचं मन २००४नंतर वळलं, रामकथाकार मोरारी बापूंनी ‘ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे’ असं सांगितल्यावर. आज तेच लोक तिला जाळी कापून सोडतात. म्हणून म्हणते, ताटावरून ओरडण्यापेक्षा घरातल्या नात्याने सांगितलेलं पोचतं.

आणि पांढरा_वाघ, ‘बाजारातला मासा’ म्हणता त्या बाजारात काय येतं ते ऐका. २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईत ससून डॉकवर गंगा शार्कची मादी उतरली, अडीच मीटरच्या वर. त्याआधी कित्येक वर्षं ती जात कुणी नोंदलेली नव्हती. लिलावाच्या गर्दीत एका अभ्यासकाने ओळखली म्हणून आपल्याला ठाऊक. गान्सबाईचे ग्रेट व्हाइट तर २०१७नंतर ओर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, भीतीने निघून गेले. पाटीत पडलेली ती गंगा शार्क मला त्या पिंजऱ्याबाहेरच्या मादीइतकीच मोठी वाटते.

पांढरा_वाघ

गान्सबाईचं माहीत आहे. तिकडे परत जायचं तिकीट काढलं होतं आणि तिथल्या माणसाने कळवलं, येऊ नका, महिने झाले एकही दिसला नाही. ते इथे लिहायला मला जड गेलं असतं, तुम्ही लिहिलंत.

यादी बदलणार नाही. पहिला नंबर ग्रेट व्हाइटच. म्हैस हा शब्द मागे घेतो, बाणकोटींच्या भावासाठी. ‘मोरी शार्क नव्हे’ हे चुकीचं होतं, तेही मागे घेतो. नाळेचं मला खरंच माहीत नव्हतं. गंगा शार्कचंही नाही.

वैतरणाकाठ

माझं मत कुणालाच नाही. पण ते बुल शार्कच्या मूत्रपिंडाचं जरा सविस्तर लिहा. खाडीत किती आतपर्यंत येतो, कुठल्या महिन्यांत येतो. काकीला सांगायचंय.

मेलबर्नकर

लिहितो. खाडीपुरतं माझं वाचन कमी आहे, बाणकोटींनी भर घालावी.

बाणकोटी

आमची खाडी वेगळी, वैतरणेचं तिथल्या जुन्या माणसांना विचारलं पाहिजे. सातपाटीला माझा मेव्हणा आहे, त्याला उद्या फोन करतो.

खाजणातली

रविवारी पहाटे पाचला मी ससून डॉकला असेन, लिलावाच्या शेडपाशी. पाटीत मोरी कुठली आणि कानमुशीचं पिल्लू कुठलं ते हातात घेऊन दाखवते. पांढरा_वाघ, मुंबईत असाल तर या. चप्पल जुनी घाला, खाली सगळं पाणी असतं.