बांधकामाच्या धुळीची तक्रार स्वस्त सेन्सरच्या भरवशावर? मला पटत नाही

तराजू (धागाकर्ता)

समोरच्या प्लॉटवर पाडकाम सुरू झालं की हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर पहिली सूचना येते ती गच्चीवर हवेतले कण मोजणारा सेन्सर बसवण्याची. मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही 35 फुटी पत्रे, ओलं हिरवं कापड आणि गाड्यांची चाकं धुणं यांच्या जोडीला सेन्सरने मोजणी करायला सांगितलं आहे. माझं म्हणणं असं की पीएमएस 5003 सारखा लेझर सेन्सर बांधकामाच्या धुळीसाठी चुकीचं यंत्र आहे. त्याच्यावर उभी केलेली तक्रार बिल्डरच्या सल्लागाराच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

कारण यंत्राच्या पोटात आहे. छोटा पंखा हवा ओढतो, हवा वळणं घेत लेझरसमोर येते आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश बाजूचा डायोड टिपतो. सिमेंट, दगडाची भुकटी, विटांचा चुरा यांचं बहुतेक वजन अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरच्या कणांत असतं. असे जड कण वळणावर भिंतीला आपटतात, आणि आत पोचतात ते संख्येने इतके थोडे की मोजणीला अर्थ उरत नाही. मग पीएम 10 चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा येतो कुठून? बारीक कणांच्या मोजणीवरून काढलेल्या अंदाजातून. घरच्या घरी तपासता येतं. पीएम 10 ला पीएम 2.5 ने (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) भागून आलेख काढा. राडारोड्याचा डंपर गेटमधून जातो तेव्हा या गुणोत्तराने उसळी घ्यायला हवी. सेन्सरच्या आलेखात ती रेघ जवळपास सपाटच राहते.

त्यात मुंबईचा दमटपणा. समुद्री मिठाचा कण 75 टक्के आर्द्रतेच्या आसपास पाणी धरतो, अमोनियम सल्फेट 80 च्या आसपास. कण फुगला की जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर ते पाणीही प्रदूषण म्हणून मोजतो. ऑक्टोबरातल्या पहाटे आकडा यामुळे दुप्पटही दिसू शकतो. सरकारी हवा-मापन केंद्रातल्या बॅम (बीटा अ‍ॅटेन्युएशन मॉनिटर) यंत्राच्या नळीला हीटर असतो. तो हवेची आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास उतरवतो आणि मग फितीवर जमलेल्या कणांचं वस्तुमान बीटा किरणांनी मोजलं जातं.

पश्चिमवारा

मोठ्या धुळीचा मुद्दा मान्य. निष्कर्ष मात्र मान्य नाही. बांधकामाच्या जागी फक्त धूळ असते का? डिझेल जनरेटर असतो, रात्री जाळलेलं प्लायवूड आणि प्लास्टिक असतं, मजुरांच्या चुली असतात. हे सगळे कण एक मायक्रॉनच्या खालचे, आणि लांबचं दिसेनासं करणारं धुरकंही मुख्यतः याच आकाराच्या कणांचं. तिथे हा सेन्सर उत्तम चालतो. रात्री दीडला वीस मिनिटं कचरा जळला तर बॅमच्या तासाभराच्या सरासरीत तो विरघळतो. दोन मिनिटांच्या नोंदीत सुळक्यासारखा दिसतो, वेळेसकट. वॉर्ड ऑफिसच्या माणसाला कधी यायचं ते त्यावरूनच कळतं.

आणि बॅम म्हणजे देववाणी नव्हे. त्याच हीटरने अमोनियम नायट्रेट आणि काही सेंद्रिय कण उडून जातात.

दमटपणावरही उपाय आहे. सेन्सरशेजारी तापमान-आर्द्रतेची चिप लावा. दोन-तीन सेन्सर किमान दोन आठवडे सरकारी केंद्रालगत चालवा, तासाच्या सरासऱ्या जुळवा आणि आर्द्रता धरून समीकरण बसवा. अमेरिकेत बसवलेलं समीकरण इथे उचलून लावू नका, कारण तिथलं मीठ, धूर आणि दमटपणा वेगळा. पावसाळ्याचं आणि हिवाळ्याचं समीकरणही वेगळं काढावं लागतं.

तराजू

धुरासाठी सेन्सर चालतो, हे मलाही मान्य आहे. पण लोक तक्रार धुळीची करतात आणि पुरावा धुराच्या यंत्राचा जोडतात. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

फिल्टरपेपर

दोघांनीही एक गोष्ट सोडली. आकडा कुठल्या मोजपट्टीवर वाचायचा? बरीच अ‍ॅप दोन मिनिटांचं वाचन थेट अमेरिकी एक्यूआयमध्ये (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बदलतात. पीएम 2.5 चं 24 तासांचं भारतीय मानक घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम. तेवढ्यावर आपला एक्यूआय 100 येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची वरची हद्द. तोच आकडा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर जातो. आपला एक्यूआय 24 तासांच्या सरासरीवर काढतात आणि त्यासाठी किमान 16 तासांची नोंद लागते. तक्रारीत अ‍ॅपचा स्क्रीनशॉट कधीच लावू नका, मायक्रोग्रॅममधली तासवार नोंद लावा.

सेन्सरमधून एकाच मोजणीच्या दोन हिशेबांचे दोन रकाने येतात, सीएफ 1 आणि ‘वातावरणीय’. कमी प्रदूषणात दोन्ही सारखे, पण हवा बिघडली की सीएफ 1 वर जातो. कुठला घेतला ते लिहून ठेवा. सेन्सर स्लीप मोडमधून जागा केल्यावर पंखा 30 सेकंद फिरू द्या, त्याआधीची वाचनं टाकून द्या. आणि विसाव्या मजल्याची गच्ची विसरा. जमिनीपासून 3 ते 10 मीटरवर, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून लांब बसवा.

पश्चिमवारा

मग तराजू, धुळीसाठी तुमचा पर्याय काय? बॅम सोसायटीला परवडणार नाही.

तराजू

धूळपात जार. रुंद तोंडाचं उभट भांडं, तळाशी डिस्टिल्ड वॉटर, शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, वर पक्ष्यांसाठी जाळीचं कडं. तीस दिवस ठेवायचं. मग पाणी गाळून गाळ वाळवायचा आणि प्रयोगशाळेत वजन करायचं. तोंडाचा व्यास 18 सेंमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे 0.0254 चौरस मीटर. गाळ 0.25 ग्रॅम निघाला तर महिन्याला चौरस मीटरमागे जवळपास 10 ग्रॅम. गाळायची पायरी मुंबईत सोडायची नाही. सगळं पाणी आटवलंत तर समुद्राचं मीठही धुळीच्या खात्यात जातं.

जार दोन लागतात, प्लॉटच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. हिवाळ्यात काम चालतं त्या दुपारच्या वेळी वारा समुद्राकडून येतो, म्हणून पूर्वेच्या जारमध्ये जास्त गाळ हवा. रात्री वारा जमिनीकडून फिरतो, पण तेव्हा काम बंद असलं तर फरक टिकतो.

पश्चिमवारा

तीस दिवस! जुन्या चार मजली इमारतीचं पाडकाम तोवर उरकलेलं असतं. आणि जारमध्ये पडते ती खिडकीच्या चौकटीवरची जाड धूळ. फुप्फुसात जाणाऱ्या दहा मायक्रॉनखालच्या कणांबद्दल जार काही सांगत नाही. दम्याच्या मुलाच्या आईला तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देताय.

फिल्टरपेपर

हा आक्षेप बरोबर आहे. त्यावर मधला मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पीएम 10 चा सॅम्पलर (हवा ओढून फिल्टरवर कण जमवणारं यंत्र) 24 तासांसाठी मागवणे. मिनिटाला 16.67 लिटर म्हणजे दिवसाला 24 घनमीटर हवा. 47 मिमीच्या फिल्टरचं वजन 3.6 मिलिग्रॅमने वाढलं तर घनमीटरमागे 150 मायक्रोग्रॅम. मानक 100 चं.

फक्त एक सॅम्पलर लावून थांबू नका, बिल्डर म्हणेल सगळ्या शहराचीच हवा खराब आहे. वारा प्लॉटवर येतो त्या आणि प्लॉटवरून पुढे जातो त्या बाजूला एकाच वेळी दोन लावा. कुठला दिवस निवडायचा ते पश्चिमवारांच्या सेन्सरवर ठरवू नका. पाडकामाचा ब्रेकर (काँक्रीट फोडणारं यंत्र) कुठल्या दिवशी चालणार ते गेटवरच्या वॉचमनला विचारा.

तराजू

ब्रेकर चालू-बंद झाल्याच्या वेळांची नोंद आणि पत्रे, पाण्याचा फवारा यांचे वेळेसह फोटोही त्याच दिवशी घ्या. प्रयोगशाळेच्या अहवालात यातलं काहीच नसतं.