जुन्या धाटणीचं, पूर्ण मेटलचं एअर पिस्तूल मिळतंय, घ्यावं का?

पांचपाखाडी_७२
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारूनच टाकतो. डोंबिवलीला ओळखीतले एक काका आहेत, त्यांच्याकडे वायराख कंपनीचं एचडब्ल्यू ४५ आहे, जर्मन, बरंच जुनं पण नीट सांभाळलेलं. हाताला कंप सुटतो म्हणून आता ते विकतायत, ४० हजार म्हणतायत. मी हातात घेऊन बघितलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. कोल्टच्या १९११ मॉडेलच्या पिस्तुलासारखा आकार, लाकडी ग्रिप, वजन असं की हातात काहीतरी धरलंय हे कळतं, आजकालची प्लास्टिकची पिस्तुलं मी दुकानात पाहिली त्यात ही गोष्ट अजिबात नाही.

आता खरा प्रश्न. मुलगी १३ वर्षांची आहे, २०२४ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं ब्राँझ घेतलं तेव्हापासून तिच्या मागे लागलेलं वेड अजून उतरलेलं नाही, आता शाळेतल्या मैत्रिणीबरोबर रेंजवर जायला लागलीय, तिथलं क्लबचं पिस्तूल वापरते. बायकोचं म्हणणं की एवढे पैसे घालायचेच तर पोरीच्या कामाला येईल असं काहीतरी घ्या. मला वाटतंय हेच घेतलं तर माझी हौसही होईल आणि तिची घरची प्रॅक्टिसही होईल. बरोबर चाललंय का माझं? आणि लायसन्सचं काय, काका म्हणाले लागत नाही पण मला कोणीतरी नक्की सांगा. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, हॉल ते बेडरूमचा टोक धरून सरळ अंतर साडेसहा मीटर भरतं.

रेंजवरचा_पनवेल
दोन गोष्टी एकात बसवू नका. स्पष्ट लिहितो कारण पालक इथेच पैसे घालवतात.

मुलगी जे शिकतेय ते १० मीटर एअर पिस्तूल, एका हातात धरून मारायचं. मॅचमध्ये ६० शॉट आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्याला सव्वा तास, म्हणजे एका शॉटला सगळं धरून ७५ सेकंद. मॅच पिस्तुलाला हवेचं सिलिंडर असतं, छोटासा लिव्हर ओढला की पुढचा शॉट तयार. एचडब्ल्यू ४५ स्प्रिंगचं आहे, त्यात मागचा हॅमर पाडून अख्खा वरचा भाग बॅरलसकट उचलून पुढे न्यायचा तेव्हा स्प्रिंग दाबली जाते, त्याला चांगल्या माणसाचा जोर लागतो, १३ वर्षांच्या पोरीनं हे दहा वेळा केलं की अकराव्या शॉटला तिचा हात स्थिर राहणारच नाही. तुम्ही तिला नेमबाजी शिकवत नसाल, व्यायाम करून घेत असाल.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर सुटला की आत जड पिस्टन धावतो आणि आपटतो, पेलेट म्हणजे छर्रा बॅरलमधून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हललेलं असतं. त्यामुळे ते कसं धरलंय यावर छर्रा कुठे लागणार हे ठरतं, रोज ग्रिप जरा बदलली की ग्रुप, म्हणजे छर्रे एकत्र लागतात ती जागा, सरकतो. मॅच पिस्तूल जवळपास हलतच नाही. कोच तिला जे सांगतोय, साईटवर नजर, ट्रिगर सरळ मागे, शॉट गेल्यावरही तसंच थांबणं, ते तिला मॅच पिस्तुलावर लगेच दिसतं की जमलं का नाही. स्प्रिंगवर चूक तिची का पिस्तुलाची हे तिला कळायचंच नाही, आणि या वयात स्वतःवरचा विश्वास गेला की पोरं खेळ सोडतात, मी हे बघत आलोय.

दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटरची असते हो. त्यात बसायचं तर साधन शांत लागतं. क्लबचं पिस्तूल मिळतंय तोवर काहीच घेऊ नका तिच्यासाठी. वर्षभर टिकली की कोचला विचारून, ग्रिप तिच्या हाताला बसवून घ्या.

वाशी_से_१७
लायसन्सचं मी सांगतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. हे पिस्तूल साधारण ७ ज्यूलच्या आसपास मारतं त्यामुळे ताकदीची काळजी नाही.

पण काकांच्या बोलण्यावर जाऊ नका, बॅरलवर काय कोरलंय ते स्वतः वाचा. एचडब्ल्यू ४५ हे ४.५ मध्ये येतं तसंच ५.० आणि ५.५ मध्येही येतं, बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. ४.५ पेक्षा मोठं निघालं तर ताकद कितीही कमी असो, विषय लायसन्सचा झाला आणि तुम्ही त्याला हातही लावू नका. ४.५ असेल तर मूळ बिल आहे का बघा, नसेल तर साध्या कागदावर तरी दोघांच्या सह्या, आधारची झेरॉक्स, पिस्तुलाचा नंबर, बोअर असं लिहून घ्या आणि तो कागद कायम पिस्तुलाबरोबर ठेवा.

आणि ते दिसतं कसं हेही लक्षात घ्या. लांबून बघणाऱ्याला ते खरं कोल्टच वाटणार. ठाण्यात पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश सारखे निघत असतात, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ कलमाखाली, त्यात शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते, पेपरात छोट्या बातम्या येतात त्या कोणी वाचत नाही. डोंबिवलीहून आणताना लोकलनं बॅगेत टाकून आणू नका, बंद कुलुपाच्या हार्ड केसमध्ये, रिकामं, कागदासकट, आणि सरळ घरी. बाल्कनीत उभं राहून मित्राला दाखवणं वगैरे तर विसराच, समोरच्या बिल्डिंगमधून एक फोन गेला की संध्याकाळ चौकीत जाते.

कळवा_खाडी
वरच्या दोघांचं बरोबर आहे पण त्यामुळे प्रश्नकर्त्याला हे वाईट पिस्तूल आहे असं वाटू नये म्हणून लिहितोय. माझ्याकडे हेच आहे.

गेली चाळीसेक वर्षं बनतंय, अमेरिकेत हेच बीमन पी १ नावानं विकलं गेलं. इतकी वर्षं एक डिझाइन टिकतं त्याला कारण असतं. याचा ट्रिगर स्प्रिंगच्या पिस्तुलात मी हाताळलेला सगळ्यात चांगला, पहिला टप्पा हलका, मग एक ठाम जागा, आणि मग तुटतो तो काचेसारखा. ग्रिपचा साचा १९११चाच असल्यामुळे कोल्टच्या ग्रिपच्या पट्ट्या यावर बसतात. वरचा भाग अर्धा उचलला तर कमी ताकद, पूर्ण उचलला तर जास्त, घरात मारायला कमी ताकदीवरच मारायचं, आवाजही कमी आणि धक्काही कमी, ग्रुप उलट चांगला येतो.

रेंजवरचा_पनवेल म्हणतात की हे पिस्तूल कसं धरता त्यावर सगळं अवलंबून, ते खरंच आहे, पण मोठ्या माणसाला यातच मजा आहे. मूठ घट्ट आवळली की छर्रे भरकटतात, सैल आणि रोज सारखी धरली की एकाच भोकात जायला लागतात. हे पिस्तूल तुम्हाला खोटं बोलू देत नाही. माझं तरी मत आहे की स्वतःच्या आनंदासाठी मारणाऱ्या माणसानं एकदा तरी स्प्रिंगवर हात बसवावा.

आता मेटलबद्दल, कारण तुम्ही त्यावरच भाळलाय. मेटल म्हणजे सगळं स्टील नाही. बॅरल स्टीलची आहे, बाहेरचा सांगाडा मिश्रधातूचा ओतीव आहे. बाजारात जी रेट्रो दिसणारी गॅसवरची पिस्तुलं असतात त्यात तर बहुतेक जस्ताचा मिश्रधातू असतो, वजन भरपूर पण ते मजबुतीचं वजन नाही, पडलं तर तडा जातो. एचडब्ल्यू त्या मानानं फार वरच्या दर्जाचं काम आहे. तरी काकांकडे जाऊन हे बघा: वरचा भाग बंद असताना आडवा हलवून बघा, खडखड नको. बंद होताना कुलूप टक्क बसलं पाहिजे. बॅरलच्या मागच्या टोकाचं सील फाटलेलं नको. दोन्ही साईट सरळ आहेत का, स्क्रूची तोंडं खराब झालेली असली तर कोणीतरी उघडून बसलंय असं समजा. आणि मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, रिकामं मात्र अजिबात उडवू नका, पेलेट नसताना पिस्टन थेट आपटतो.

पेलेट भरताना वरचा भाग डाव्या हातानं धरूनच ठेवायचा. तो सुटला तर बोटावर येतो. हे एक तर मी घरातल्या कोणालाही सूट न देता पाळतो.

कोपरी_कॉलनी
४० हजार जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलाला??? स्प्रिंग दमलेली असणार, सील गेलेलं असणार, पार्ट आणणार कुठून? बाहेरून मागवायचं म्हटलं तर एअर पिस्तुलाच्या आयातीवरच निर्बंध आहेत, कुरिअरनं मागवलंत तर कस्टममध्ये अडकणार. त्यापेक्षा बिल, गॅरंटी असलेलं देशी नवीन एअर रायफल किंवा पिस्तूल घ्या, ठाण्यातच सर्व्हिसला नेता येईल. दिसण्यावर पैसे घालू नये असं माझं मत.

कळवा_खाडी
@कोपरी_कॉलनी स्प्रिंग दमली तर बदलता येते, ती काही जादूची वस्तू नाही, आणि या पिस्तुलाच्या पिस्टनचं सील टेफ्लॉनचं आहे, ते सहसा जात नाही. पार्टचा मुद्दा मात्र मान्य, म्हणूनच मारून बघा म्हणतोय. किंमतीत घासाघीस करा हेही खरं. पण दिसण्यावर पैसे घालू नये हे मला पटत नाही. माणूस जी वस्तू रोज कपाटातून काढून पुसणार आहे ती त्याला आवडलीच पाहिजे, नाहीतर महिन्याभरात माळ्यावर जाते.

नेरुळची_आई
मी मुलीच्या बाजूनं लिहिते. आमची लेक पनवेलला नेमबाज सुमा शिरूर मॅडमच्या लक्ष्य या शूटिंग क्लबमध्ये शिकते, कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत. आम्हालाही सुरुवातीला वाटायचं घरी काहीतरी असावं. कोचनी सांगितलं की घरी गोळी मारायची काहीच गरज नाही, घरी फक्त धरून उभं राहायचं. भिंतीवर कोरा पांढरा कागद लावायचा, टार्गेट नाही, आणि साईट बघत हात स्थिर ठेवायचा. ज्या पिस्तुलात रिकाम्या ट्रिगरची सोय आहे त्यावर ट्रिगरही दाबायचा. यानंच तिचे स्कोर वाढले. दादा तुमच्या त्या स्प्रिंगवाल्यात रिकामं उडवायचंच नाही म्हणता, मग तिच्या घरच्या प्रॅक्टिसला ते सगळ्यात निरुपयोगी झालं ना.

अजून एक म्हणजे वजन. १५०० ग्रॅमच्या आतलं चालतं असा मॅचचा नियम आहे पण चालतं म्हणजे पोरीला झेपतं असं नाही. या पिस्तुलाचं साडेअकराशे ग्रॅमच्या आसपास आहे बहुतेक आणि तेही पुढच्या बाजूला. वाढत्या वयात खांदा आणि मनगट दुखावलं की महिने जातात. तिला विचारून बघा तिला ते हवंय का, आमच्या मुली फार स्पष्ट बोलतात.

आणि शिसं! पेलेट हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाणं नाही, तुम्ही हॉलमध्ये मारणार म्हणजे तिथेच जेवणार पण.

पांचपाखाडी_७२
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी परत जाऊन आलो. बॅरलवर ४.५ स्वच्छ कोरलेलं आहे. बिल नाही, पण कागद करून द्यायला काका तयार आहेत. वरचा भाग हलत नाही, कुलूप बसतं. काकांनी त्यांच्या गच्चीखालच्या खोलीत पाच मीटरवर मारून दाखवलं आणि मग मी मारलं, पूर्ण ताकदीवर माझे सगळीकडे गेले, अर्ध्यावर रुपयाएवढ्या जागेत पाच. कळवा_खाडी म्हणतात ते मला हाताला कळलं.

मुलीला बरोबर नेलं होतं. तिनं एकदा कॉक करायचा, म्हणजे वरचा भाग उचलून स्प्रिंग दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि म्हणाली बाबा हे तुमचं आहे, मला नको. त्यामुळे तो विषय मिटला. बायकोशी बोलून असं ठरवलंय की पिस्तूल माझ्या पैशातनं, म्हणजे यंदाचा माझा फोन बदलायचा होता तो नाही बदलायचा, आणि मुलीच्या मॅच पिस्तुलासाठी वेगळी आरडी आजपासून. काका ३४ वर आलेत. घेतोय. साडेसहा मीटरवर मारायचं तर मागे काय लावू, आणि पावसाळ्यात कसं ठेवू तेवढं सांगा.

कळवा_खाडी
अभिनंदन. मागे जाड लोखंडी पत्र्याचा तिरका पेलेट ट्रॅप, पत्रा असा की छर्रा खाली वाळूत किंवा जुन्या कपड्यांत पडेल, आणि ट्रॅपच्या मागे पुन्हा जाड प्लायवर जुनी गादी, कारण एखादा चुकतोच. नुसतं लाकूड नको, लाकडावरून छर्रा उलटा येतो. ट्रॅपच्या बाजूला दार नको, बेडरूममधनं कोणी बाहेर येईल असा कोपरा तर नकोच, मारताना घरातल्यांना सांगून दाराला कडी. चष्मा घालायचा, तुम्ही आणि खोलीत असेल त्यानंही. चपट्या तोंडाचे पेलेट घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. स्टीलचे बीबी, म्हणजे गोल गोळ्या, चुकूनही घालू नका, बॅरलच्या आतले आटे खराब होतात. टार्गेटचा कागद साडेसहा मीटरच्या हिशोबानं ६५ टक्क्यांवर छापून घ्या म्हणजे १० मीटरसारखं दिसेल.

पावसाळ्यात आपल्याकडे खाडीची हवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्टीलवर रात्रीत लाल डाग येतो. मारून झालं की हाताचा घाम कोरड्या सुती कापडानं पुसायचा, मग तेलाचा हात लावलेल्या कापडानं बाहेरून. तेल आत, पिस्टनच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही, तिथे ते दाबानं पेटतं आणि सील, स्प्रिंग दोन्ही खातं. फोमच्या केसमध्ये किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये चार महिने ठेवू नका, दोन्ही ओल धरतात, केस फक्त नेण्याआणण्यापुरती. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कुलुपाच्या कपाटात. पेलेट वेगळ्या कप्प्यात, त्याची किल्ली वेगळी. आणि कॉक करून कधीच ठेवायचं नाही, पाच मिनिटं फोन आला तरी नाही.

वाशी_से_१७
कागदावर सह्या करताना पिस्तुलाच्या नंबरचा फोटो काढून काकांच्या फोनवरही पाठवून ठेवा, तारखेसकट. आणताना गाडी असेल तर डिकीत, केसला कुलूप लावून.